चहासोबत घरचं गुजराती फरसाण: खमण बसतं, खांडवी तुटते, चुकतं कुठं?

बालाघाटची

रविवारी दुपारी चारच्या चहाला बारा माणसं आहेत. मुरमुऱ्यांचा सुशीला, भजी नेहमीचीच. या वेळी सगळं गुजराती करायचंय. आधी करून बघितलं त्यातल्या अडचणी मापासकट लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं.

खमण: गिरणीतून दळून आणलेलं बेसन २ वाट्या, अर्ध्या लिंबाचा रस, १ चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा हळद. सगळं कालवून मग कुकर गॅसवर ठेवला, पंधरा मिनिटं वाफवलं. वर लाल ठिपके, मधोमध खड्डा, खाताना तोठरा बसतो आणि साबणासारखी चव मागं राहते.

खांडवी: १ वाटी बेसन, २ वाट्या ताक. पहिली ताटली चिकटली, दुसरी गुंडाळताना तुटायलीय, तिसरीपर्यंत पीठ कढईतच घट्ट झालं.

शिवाय आठ दिवस टिकणारं एखादं कोरडं हवंय. आणि सध्या तुरीच्या ओल्या शेंगा आल्यात, त्यांचं गुजराती पद्धतीनं काही होतं का?

---

वाफ आणि फोडणी

ताई, तुमच्या मापातच उत्तर आहे. एक सपाट चमचा सोडा म्हणजे जवळपास ५ ग्रॅम. अर्ध्या लिंबात एवढी आंबटाई नसतेच, ती पाव चमचा सोडासुद्धा पुरता मारत नाही. उरलेला सोडा पिठात तसाच राहतो. तोच हळदीला लाल करतो (कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की होतं तेच) आणि साबणासारखी चवही त्याचीच. तीन मध्यम लिंबं पिळली असती तर हिशोब जुळला असता, पण मग पीठ पातळ झालं असतं. म्हणून फरसाणवाले लिंबाचं फूल वापरतात. किराणा दुकानात लिंबूसत्त्व किंवा सायट्रिक ॲसिड म्हणून मिळतं. वजनानं ३ भाग फूल ४ भाग सोडा खातं. घरी सपाट चमच्याला सपाट चमचा धरला तरी चालतं, आंबटपणा किंचित वर राहतो आणि तो खमणाला हवाच असतो.

आठ इंची एका ताटलीचं माप: बारीक बेसन २०० ग्रॅम, लिंबाचं फूल १ सपाट चहाचा चमचा, साखर ३ चमचे, मीठ १ चमचा, तेल २ मोठे चमचे, आलं-मिरचीचा ठेचा गाळून त्याचं पाणी, आणि हळद दोन चिमटी, अर्धा चमचा नाही. पाणी साधारण २५० मिली, पण एकदम ओतू नका. पळी उचलली की धार न तुटता फितीसारखी पडावी आणि पडलेली घडी दोन-तीन सेकंद वर दिसावी. एवढं झालं की २० मिनिटं झाकून ठेवा, बेसन पाणी पिऊन घेतं. नंतर घट्ट वाटलं तर एखादा चमचा पाणी.

आता खड्ड्याचं. सोडा पडला की पिठातला वायू सुटायला लागतो, तो कुणासाठी थांबत नाही. तुम्ही सोडा घातल्यावर कुकर पेटवलात, म्हणजे पाणी उकळेपर्यंत फुगा निघून गेला. आधी पाणी खळखळ उकळू द्या, ताटलीला तेल लावून ती आत तापत ठेवा, झाकणाला फडकं बांधा म्हणजे वाफेचं पाणी वर टपकणार नाही. मग १ सपाट चमचा सोडा दोन चमचे पाण्यात विरघळवून, गुठळी न ठेवता, पिठात घाला. तीस-चाळीस सेकंद भराभर फेटा. पीठ पांढुरकं होऊन दुपटीनं वर येतं, तसंच ताटलीत ओता. ताटली निम्मीच भरायची. शिटी काढून मोठ्या आचेवर १८ मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं झाकणाला हात लावू नका. सुरी कोरडी निघाली की झालं.

तोठरा बसतो, कारण वरून पाणी कमी पडलं. नायलॉन खमण नुसतं वाफवून खायचं नसतंच. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, तीळ, हिंग, उभ्या चिरलेल्या मिरच्या, कढीपत्ता. मोहरी पूर्ण तडतडली की जपून १८० मिली पाणी, २ मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ. एक उकळी आणून कोमट करा. खमणही कोमट हवं, ते आधी कापून घ्यायचं आणि मग पळीनं सगळीकडं ओतायचं. पंधरा मिनिटांत सगळं पाणी जिरतं. गरम खमणावर उकळतं पाणी ओतलं तर वरचा थर लगदा होतो आणि खालचा कोरडाच राहतो.

आणि एक. आपल्याकडं पिवळं दिसलं की ढोकळा म्हणायची सवय आहे. ढोकळा तांदूळ-डाळीचा, आंबवलेला, खमण हरभऱ्याचं. पांढरा तो सुरती इदडा, तांदूळ ३ ला उडीद डाळ १, वर जाड कुटलेली मिरी. त्याला आता थंडीत हात घालू नका, सांगते का ते खाली कुणी विचारलं तर.

---

इनोवाला

एवढा खटाटोप कशाला? २०० ग्रॅमला दीड-दोन चमचे इनो टाका, लिंबाचं फूलही नको.

---

वाफ आणि फोडणी

चालतं, पण इनोत सोडा आणि आंबट दोन्ही आधीच आहेत, त्यामुळं फुगतं आणि तिथंच आंबटपणा संपतो. खाताना सपक लागतं. इनो घ्यायचंच तर पाव चमचा फूल वरून घाला. आणि इनो सोड्याहून घाईचं, ओतायला तीस सेकंदही लावू नका. पाकीट साधंच आणा, लिंबाच्या स्वादाचं नको.

---

गिरणीचं पीठ

कुणी बेसनाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. गिरणीत डाळ दळायला दिली की आधीच्या ज्वारीचं पीठ पाट्यांत असतंच, पहिलं अर्धा किलो त्यात मिसळून येतं. शिवाय गिरणीवाला लाडवाचं समजून रवाळ काढतो. रवाळ बेसन मेथीच्या गोट्यांना (गुजराती भज्यांना) उत्तम. गुजरातेतल्या डाकोरचे गोटे तर मुद्दाम जाड बेसनाचे करतात आणि दह्यासोबत खातात. पण खमणाला, खांडवीला, फाफड्याला ते चालत नाही. या तिन्हींना बारीक, मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळलेलं.

खांडवी म्हणजे आपली सुरळीची वडीच. फरक एवढाच की आपण आत खोबरं-कोथिंबीर भरतो, गुजराती खांडवी आत रिकामी किंवा जेमतेम भुरभुरलेली आणि वरून तीळ-मोहरीची फोडणी. त्यामुळं घरात ज्यांना सुरळी जमते त्यांना खांडवी जमलीच.

माप वाटीनंच सांगतो: बेसन १, आंबट दही १, पाणी २. तुमचं ताक २ वाट्या होतं, म्हणजे एक वाटी द्रव कमी. घट्ट पीठ जाड थापलं जातं आणि जाड थर वळवला की तडकतो. तुटायचं कारण ते. आलं-मिरची वाटून गाळून घाला, मिरचीचं एक साल राहिलं तरी तिथून फाटते. हळद पाव चमचा, मीठ, हिंग. सगळं थंड असतानाच रवीनं घुसळा आणि गाळून कढईत घ्या.

मध्यम-मंद आच, हात थांबवायचा नाही. चार-पाच मिनिटांत घट्ट होतं आणि इथंच सगळे फसतात, कारण घट्ट झालं म्हणजे शिजलं नाही. त्यापुढं आणखी ७-८ मिनिटं. कच्च्या बेसनाचा वास जातो, पीठ कढईच्या कडा सोडतं, चकाकी येते. मग परीक्षा: चमचाभर पीठ स्टीलच्या ताटलीवर बोटानं पातळ फासा, मिनिटभर थांबा, कड नखानं उचला. सोलल्यासारखी उचलली तर गॅस बंद. चिकटली तर अजून दोन मिनिटं आणि पुन्हा परीक्षा. तुमची पहिली ताटली याच परीक्षेआधी भरली गेली असणार.

बंद केल्यावर हातात तीन मिनिटं असतात. म्हणून ताटल्या आधी मांडा, उलट्या, पाठीवर फासायच्या. एवढ्या पिठाला चार मोठी ताटं लागतात, नाहीतर कडप्प्याचा ओटा घासून पुसून कोरडा करा, त्याहून सोयीचं काही नाही. तेल लावू नका. तेलावर पीठ घसरतं, थर कुठं जाड कुठं पातळ येतो. सपाट उलथन्यानं एका दिशेनं ओढायचं, थर पोस्टकार्डाइतका. कढईतलं उरलेलं पीठ झाकून गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलं की घट्ट व्हायला थोडा उशीर होतो. पाच-सात मिनिटांनी दीड इंची पट्ट्या कापून गुंडाळा.

ढवळून हात दुखत असेल तर तेच मिश्रण डब्यात घालून, झाकण लावून, कुकरमध्ये तीन शिट्या. वाफ गेली की लगेच उघडून जोरात फेटा, गुठळी मोडते. आणि मग तीच धावपळ.

---

फोडणीत साखर नको

खमणाच्या पाण्यात २ मोठे चमचे साखर आणि पिठात आणखी ३ चमचे? आमच्या लातूर-धाराशिवकडं ते कुणी दुसऱ्यांदा घेणार नाही. साखर निम्मी करा, मिरच्या वाढवा.

---

वाफ आणि फोडणी

पाण्यातली साखर निम्मी करा, हरकत नाही. पिठातली २ चमच्यांच्या खाली नेऊ नका, लिंबाच्या फुलाची आंबटाई उघडी पडते आणि खमणही लवकर कोरडं होतं. तिखट हवं तर सोबत द्या. तळलेल्या मिरच्या, नाहीतर कच्च्या पपईचा संभारो: पपई लांब किसायची, तेलात मोहरी-हिंग-हळद-मिरची, वर कीस, मीठ, दोनच मिनिटं परतून लिंबू. पपई कुरकुरीत राहिली पाहिजे.

---

सोले

तुरीच्या दाण्यांचं विचारलंत ना, गुजरातेत त्यांना लीलवा म्हणतात आणि लीलवानी कचोरी ही हिवाळ्यातली खासच गोष्ट आहे. आपल्या बांधावर ज्या शेंगा उकडून मीठ लावून खातो, त्याच. मराठवाड्यात तूर एवढी आणि ही कचोरी घरात होत नाही, याचं नवल वाटतं.

२४ लहान कचोऱ्यांचं माप. सोललेले दाणे ३०० ग्रॅम. त्यासाठी शेंगा साधारण पाऊण ते एक किलो आणा, भरण किती यावर अवलंबून आहे. दाणा नखानं दाबला की सहज फुटला पाहिजे. जून, पिवळट दाणे असतील तर उकळत्या पाण्यात चिमूटभर साखर घालून पाच मिनिटं काढा आणि फडक्यावर कोरडे करा. मिक्सर फिरवायचा नाही, झटके द्यायचे. निम्मे दाणे अर्धे-मुर्धे दिसले पाहिजेत. पेस्ट झाली की सारण चिकट होतं.

२ मोठे चमचे तेलात हिंग, १ चमचा बडीशेप, १ चमचा तीळ. त्यावर आलं-मिरचीचा ठेचा दीड चमचा आणि दाणे. झाकण ठेवून मंद आचेवर ६-७ मिनिटं, मग झाकण काढून पाणी आटेपर्यंत परतायचं. सारण कढईत मोकळं फिरायला लागलं की मीठ, २ चमचे साखर, अर्धा चमचा गरम मसाला, ओलं किंवा सुकं खोबरं २ मोठे चमचे, कोथिंबीर. लिंबू गॅस बंद करून. पूर्ण गार होऊ द्या. गरम सारण भरलं की आतली वाफ पारीला ओलं करते आणि कचोरी तेलात फुटते. बहुतेक कचोऱ्या याच एका घाईनं फुटतात.

पारी: मैदा २५० ग्रॅम, तूप किंवा तेल ४ मोठे चमचे, मीठ, १ चमचा लिंबाचा रस, पाणी साधारण १०० मिली. पुरीपेक्षा थोडं सैल, अर्धा तास ओल्या फडक्याखाली. १७ ग्रॅमच्या गोळ्या. पुरी मधे जाड, कडेला पातळ लाटा, कारण चुण्या एकत्र आल्या की वर पिठाचा गड्डा होतो. जास्तीचं पीठ चिमटून काढून टाका.

तेल मंद. गोळीएवढं पीठ टाकलं तर ते सावकाश वर यावं. १०-१२ मिनिटं लागतात. मोठ्या आचेवर पारीला बुडबुडे येतात, रंग पटकन येतो आणि ताटात गेल्यावर दहा मिनिटांत मऊ पडते. शनिवारी भरून, डब्यात एकमेकींना न चिकटता ठेवून फ्रिजमध्ये टाका, तळण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.

---

बालाघाटची

कचोरी नक्की. कोरड्याचं कुणी सांगेल का? फाफडा टिकतो का? आणि थंडीत इदडा नको असं का?

---

पापडखार

फाफडा पाहुण्यांच्या दिवशी करू नका. तो कढईतून ताटात खायचा, तासाभरानं त्यात राम राहत नाही. पण एखाद्या निवांत सकाळी हात बसवायला माप ठेवा: बारीक बेसन २५० ग्रॅम, मीठ १ चमचा, ओवा १ चमचा चुरडून, जाड मिरी पाव चमचा, तेल ४ मोठे चमचे. पापडखार अर्धा चमचा ९०-१०० मिली कोमट पाण्यात विरघळवून त्या पाण्यानं भिजवायचं. उडदाच्या पापडासाठी घरात खार असतोच. नसला तर खाण्याचा सोडा तव्यावर मंद आचेवर दहा मिनिटं कोरडा भाजून घ्या, काम भागतं. खार जास्त झाला की फाफडा लालसर, कडवट होतो आणि तेल पितो. कमी पडला की लाकडासारखा.

सगळं मळण्यात आहे. तेलाचा हात लावत दहा मिनिटं, पीठ ताणत, दुमडत. पिवळा रंग फिकट होतो आणि तुकडा ओढला तर तुटण्याआधी लांबतो. दहा-बारा ग्रॅमची लांबट वळी लाकडी पाटावर ठेवायची, तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं दाबत एकाच दमात पुढं ओढायची, आठ-नऊ इंचाची पट्टी निघते. पातळ सुरी खालून सपकन घालायची. मधे थांबलं की पट्टी गोळा होते. तेल मध्यम, बुडबुडे विरले की काढायचं, तांबूस करायचा नाही.

टिकाऊ हवं तर फरसी पुरी. मैदा २५० ग्रॅम, बारीक रवा २५, तुपाचं मोहन ४ मोठे चमचे. चोळल्यावर मूठ वळली आणि दाबली तर फुटली, म्हणजे बरोबर. जिरं, जाड कुटलेली मिरी एक-एक चमचा, मीठ, पाणी बेतानं, गोळा घट्टच. लहान पुऱ्या, दोन्ही बाजूंनी सुरीच्या टोकानं भोकं, म्हणजे फुगणार नाहीत. फुगली ती मऊ पडली. अर्धा तास फडक्यावर वाळवून मंद तळा, एका घाण्याला ८-१० मिनिटं. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, पंधरा दिवस जातात. या दिवसांत आपल्याकडं हवा कोरडी, त्यामुळं सादळायची भीती नाही; श्रावणात करणार असाल तर मोहन तेवढंच ठेवून रवा दुप्पट करा.

तेल शेंगदाण्याचं घ्या. करडईचं जेवणाला चांगलं, पण त्यात तळून डब्यात ठेवलेलं लवकर खवट होतं.

इदड्याचं मीच सांगतो. परभणी-हिंगोलीकडं रात्री पारा दहाच्या खाली येतो, पीठ चौदा-सोळा तासांतही धड फुगत नाही. मेमध्ये तेच पाच-सहा तासांत आंबून उतू जातं. थंडीत करायचाच तर वाटायला कोमट पाणी, आणि भांडं रात्रभर पीठ-तांदळाच्या कोठीत किंवा घोंगडीत. बोअरच्या जड पाण्यात डाळही नीट भिजत नाही, फिल्टरचं वापरा.

---

सोले

गोड-आंबट नको असलेल्यांसाठी खीचू विसरू नका. आपली तांदळाची उकडच, ताकाऐवजी पापडखाराची. अडीच वाट्या पाण्यात जिरं, ओवा, वाटलेली मिरची, मीठ, खार पाव चमचा. पाच मिनिटं खळखळून उकळलं की गॅस मंद, १ वाटी तांदळाचं पीठ एकदम, लाटण्याच्या टोकानं जोरात घोटायचं. पाच मिनिटं वाफ. वर कच्चं शेंगदाणा तेल आणि लोणच्याचा मेथी-मसाला. ज्वारीच्या पिठाचंही होतं, पाणी पाव वाटी वाढवा. गरमच खायचं, गार झालं की दगड.

---

गिरणीचं पीठ

मग रविवारचा क्रम असा लावा. फरसी पुरी शुक्रवारी. कचोऱ्या शनिवारी भरून फ्रिजला. रविवारी दुपारी एकला खांडवी गुंडाळून झाकून ठेवा, तीन तास फ्रिजशिवाय नीट राहते, फोडणी मात्र वाढताना. बारा माणसांना खमणाच्या दोन ताटल्या लागतील. पीठ दोन्हीचं एकदम कालवा, पण निम्मं बाजूला ठेवा आणि प्रत्येक निम्म्यात सोडा त्या-त्या वेळीच घाला. पहिली दोनला चढवा, दुसरी अडीचला. दोन्हींना सव्वातीनपर्यंत पाणी ओतून झालं पाहिजे. सव्वातीनला कचोरीची कढई मंद आचेवर. एका घाण्यात आठ, म्हणजे तीन घाणे, चाळीस मिनिटं. चहाचं आधण शेवटच्या घाण्याबरोबर.

---

बालाघाटची

लिंबाचं फूल आणि शेंगा आजच आणते. खमणाची एक ताटली शनिवारी निम्म्या साखरेनं करून बघते, जमलं-फसलं ते इथंच लिहीन.